पहिल्या पानावर थांबलेला हेळवी

नव्या कराराचं पहिलं पान आमच्या घरात कधी कुणी मन लावून वाचलं नव्हतं. त्यात नुसती नावं आहेत. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा. नाताळच्या उपासनेत ते वाचायची पाळी ज्याच्यावर येई, तो ठेचकाळत कसाबसा शेवट गाठायचा, आणि ऐकणाऱ्या बायका तेवढ्यात आपल्या लेकरांची स्वेटरं नीट करून घ्यायच्या. आज मात्र ते पान मला जवळजवळ पाठ आहे. ते एका माणसामुळं, आणि तो माणूस ख्रिस्ती नव्हता.

ते हेळवी होते. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे लोक. दोन-तीन वर्षांतून एकदा गावात यायचं, ठरलेल्या घरांपुढं उभं राहून मूळ पुरुषापासून सगळ्या पिढ्या म्हणून दाखवायच्या, मधल्या काळात कोण जन्मलं, कोण गेलं ते वहीत चढवायचं, आणि मिळेल ते धान्य-कापड घेऊन पुढचं गाव धरायचं. पूर्वी हे लोक बैलावर बसून येत. आमचे हेळवी आले तेव्हा बैल संपले होते. ते एस.टी.नं यायचे, काखेत लाल फडक्यात बांधलेली वही आणि एका काडीचा चष्मा. दुसरी काडी म्हणून सुतळी कानाला गुंडाळलेली असायची.

माणूस समोर आला की ते आधी त्याच्या चेहऱ्याकडं बघत नसत. त्याच्या मागं कुणीतरी रांगेनं उभं आहे अशा नजरेनं बघायचे आणि विचारायचे, "तुमी कुणातलं?" कंडक्टर असो, डॉक्टर असो, त्यांना हा एकच प्रश्न. एकदा आमच्या गल्लीत भांडण लागलं होतं. दोन तरुण पोरं एकमेकांच्या गळपट्टीला धरून उभी. हे मध्ये गेले, दोघांना "कुणातलं रं तू?" विचारलं, आणि दोघांच्या पणज्या सख्ख्या मावसबहिणी निघतात हे सांगून मोकळे झाले. भांडण थांबलं नाही, पण शिव्या जरा कमी झाल्या. आईवरून देता येईनात.

ते आमच्या घरी कसे आले, ते सांगते. माझे बाबा टेलिफोन खात्यात लाईनमन होते. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ एका जैन व्यापाऱ्याच्या घरी ते फोन दुरुस्त करायला गेले, तेव्हा हेळवी ओसरीवर बसून त्या घरची पिढी म्हणत होते. शेटजींनी बाबांना सहज विचारलं, "लाईनमन, गाव कुठलं तुमचं?" बाबांनी पलूसजवळचं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. हेळव्यांचं म्हणणं मध्येच थांबलं.

"वडलांचं नाव काय, मालक?"

"शमुवेल. बाप्तिस्म्याआधीचं सखाराम."

बाबा नंतर सांगायचे, म्हातारा वहीचं पान उलटत होता, तो हात तसाच अधांतरी राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात उभे. आईनं पाणी दिलं, ते प्यायले. हेळवी दारात आला की आधी पिढी म्हणतो आणि मग पाण्याला हात लावतो, ही रीत आम्हाला ठाऊक नव्हती. त्यामुळं त्यांनी आमच्या दारात काहीच म्हटलं नाही, हे आमच्या लक्षातही आलं नाही. बसून बसून त्यांची नजर टेबलावरच्या बायबलवर गेली. "हे काय?" त्यांनी विचारलं. मी नवा करार काढून हातात दिला. मी तेव्हा डी.एड. करत होते, त्यांना मराठी वाचता येत असेल असंही मला वाटलं नव्हतं. ते बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागले आणि चौथ्या-पाचव्या ओळीला ओरडले, "आवं वैनी, ह्यो तर हेळवी हाय!"

आई स्वयंपाकघरातून आली. "कोण हो आजोबा?"

"ह्यो लिवणारा! अब्राहामाचा इसहाक, इसहाकाचा याकोब. ह्यो आमच्यातला हाय."

तेव्हापासून ते दर पंधरा दिवसांनी यायला लागले. आईनं नव्या कराराची एक जुनी प्रत त्यांना देऊन टाकली, ती ते आपल्या वहीसोबत त्याच लाल फडक्यात बांधायचे. बाकीचं पुस्तक वाचावं अशी त्यांना इच्छा नव्हती. आंधळे डोळस झाले, पाच भाकरीत पाच हजार जेवले, यावर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पहिलं पान मात्र त्यांनी पिंजून काढलं. बोटांच्या पेरांवर पिढ्या मोजायचे. हे पान लिहिणारा मत्तय आधी जकातदार होता असं मी सांगितलं, तर म्हणाले, "तरीच. चौदा-चौदाचं गठ्ठं बांधल्यात. सरकारी हात हाय."

त्यांना त्या पानातल्या बायका फार आवडल्या. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको. त्यांच्या गोष्टी मी जुन्या करारातून वाचून दाखवल्या. ऐकता ऐकता त्यांनी एकेक करून चार बोटं दुमडली. मग म्हणाले, "अक्का, ह्या समद्या झाकायच्या बाया. आमच्याकडं अशी बाई घरात आली की मालक म्हणतो, हिचं नाव नगं, नुसतं 'बायको' लिव. ह्यानं झाकलं न्हाई; चौथीचं नाव न्हाई, पर तिच्या पयल्या दादल्याचं लिवलं. लय धीराचा मानूस."

आणि म्हणूनच पुढं जे सापडलं, ते त्यांना सोसलं नाही.

आधी चौदाचा हिशेब बसेना. लिहिणारा म्हणतो शेवटच्या गठ्ठ्यात चौदा पिढ्या, आणि पेरांवर तेराच भरतात. मीही मोजल्या. तेराच. मग जुन्या करारातल्या इतिहासाच्या पुस्तकात मधल्या राजांची यादी निघाली, ती त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे मत्तयानं गाळलेले. बाप, मुलगा, नातू, तिघेही गायब. "तीन पिढ्या खाल्ल्या," असं पुटपुटत ते त्या दिवशी चहा न पिताच उठून गेले.

नंतर त्यांना लूक सापडला. त्या शुभवर्तमानातही वंशावळ आहे आणि ती निराळीच आहे. एकाकडं योसेफाचा बाप याकोब, दुसऱ्याकडं एली. दावीदापासून खाली येताना एकजण शलमोनाच्या घरानं येतो, दुसरा त्याच्या भावाच्या, नाथानाच्या घरानं. तेवढ्याच काळात एकाच्या सत्तावीस पिढ्या होतात आणि दुसऱ्याच्या बेचाळीस.

आमचे पाळक तरुण आणि मनानं चांगले होते. हेळवी रविवारी उपासना सुटेपर्यंत चपलांपाशी बसून राहिले आणि त्यांना गाठलं. पाळकांनी सांगितलं, "एक वंशावळ योसेफाची आहे आजोबा, आणि दुसरी मरियेची."

"मग हितं मरियेचं नाव का न्हाई? लिवलंच न्हाई ते मी कसं म्हणू?"

"एकाच माणसाची दोन नावं असतील."

"असतील. दोन नावं असत्यात. पर आजा? आजा बी निराळा, पणजा बी निराळा."

पाळक हसले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजोबा, तारण काही वंशावळीनं होत नाही."

"तारणाचं तुमी बघा साहेब. मी बापाचं नाव इचारतोय."

त्यानंतर ते साताऱ्याला एका म्हाताऱ्या पाळकांकडं जाऊन आले. औंधला यमाईच्या यात्रेत एक ख्रिस्ती मास्तर भेटला, त्यालाही त्यांनी सोडलं नाही. कुणी समजावलं, कुणी हाकललं. एकानं त्यांना धर्माची निंदा करायला पाठवलेला माणूस ठरवलं. त्याचं त्यांना फार लागलं. "मी निंदा कुठं करतोय अक्का? ह्यो समदा पसारा मला खोटा वाटला आसता तर मी चुका कशाला मोजल्या आसत्या?" हेळवी इतके का पेटलेत हे मलाही कळत नव्हतं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला चाळा लागलाय.

त्या वर्षी नाताळला पहिलं पान वाचायची पाळी बाबांची होती. बाबा मंडळीचे पंच होते, नवा शर्ट घालून ते पुढं उभे राहिले. हेळवी सगळ्यात मागच्या बाकावर. बाबा वाचू लागले तशी मागं यांची पेरं हलू लागली. आणि बाबा 'चौदा' म्हणाले, त्याबरोबर हे उठून उभे राहिले.

"तेरा झालं मालक! पुन्यांदा मोजा. एक मानूस ऱ्हायलाय."

आधी एक पोरगं हसलं, मग सगळं चर्च. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पुढचं वाचलं, पण कुणाला ऐकू आलं नाही. बाहेर दोन वडीलधाऱ्यांनी बाबांना बाजूला घेतलं. ते काय बोलले ते बाबांनी घरी सांगितलं नाही. फाटकापाशी हेळवी थांबले होते, त्यांना बाबा एवढंच म्हणाले, "आजोबा, तुम्ही आता आमच्याकडं येऊ नका."

आठ दिवसांनी भर दुपारी ते आले. आत येईनात. फाटक धरून उभे राहिले. मी बाबांना हाक मारली.

"मालक, शिव्या द्या, मारा. पर ऐकून घ्या," असं म्हणून त्यांनी जे सांगितलं, ते सांगण्यासाठी तो माणूस वर्षभर आमच्या घरी येत होता.

माझ्या आजोबांना, म्हणजे बाबांच्या वडलांना, पंचविशीत महारोगानं धरलं. त्यांना घरातून काढलं, गावाबाहेर ओढ्याकाठी खोपटं बांधून दिलं. त्याच साली हेळव्यांचे वडील आजारी, म्हणून हे पहिल्यांदाच एकटे पिढी म्हणायला निघालेले. वय बावीस. आजोबांच्या थोरल्या भावानं सगळी पिढी ऐकली आणि आपल्या धाकट्या भावाचं नाव आलं तसं म्हणाला, "त्यो वारला म्हणून लिव. निपुत्रिक." यांनी विचारलं, कवा वारला? तो म्हणाला, "तू लिव की." आणि दावणीची एक कालवड सोडून यांच्या हातात दिली.

"मी लिवलं मालक. शाई वाळली, फडकं बांधलं, कालवड घिऊन वढ्याकडनं निघालो. तर त्यो खोपटाच्या तोंडाला बसलेला. सखाराम. लांबूनच हाक मारली, हेळव्या, माजं लिवलंस का रं? मी म्हनलं, व्हय, लिवलंय. तर हसला. म्हनला, बरा झालो की लगीन करीन, मग फुडचं लिव. मी कालवड वढत तसाच फुडं गेलो."

त्यांनी नवा करार काढला, त्यातलं लूकाचं पान त्यांच्या बोटांना आपोआप सापडत असे.

"ह्यो लूक हेळवी शाना. योसेफाचा पोरगा, असं सरळ लिवलं न्हाई त्येनं. 'असं लोक समजत' म्हनून फुडं गेला. आपली मान अडकाया नगं म्हनून. मला त्येवडं बी सुचलं न्हाई. 'वारला असं म्हनत्यात', येवडं लिवलं आसतं तरी चाललं आसतं. आन त्यो पयला, ज्येनं राहाब लिवली, त्यो तीन राजं आपनहून खाईल का? हेळवी आपनहून खात न्हाई मालक. त्येला कुनीतरी कालवड देतं."

मग फाटकाची दांडी पुसत म्हणाले, "तेरा भरत्यात म्हंजे चौदावा कुटंतरी बसलेला आसनार."

माझे आजोबा पुढं मिशनच्या दवाखान्यात बरे झाले, तिथंच बाप्तिस्मा घेतला, तिथल्याच एका बऱ्या झालेल्या बाईशी लग्न केलं, हे मला ठाऊक होतं. मी सात वर्षांची असताना ते गेले. बोटं नसलेल्या हातानं ते माझ्या गालाला हात लावायचे. पण बाबा आता जे बोलले, ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"दर उन्हाळ्यात ते दवाखान्याच्या फाटकापाशी जाऊन बसायचे. आम्ही हाका मारायचो, यायचे नाहीत. म्हणायचे, हेळवी येईल. आला की त्याला सांगायचं, मला तीन लेकरं झाली." बाबांचा आवाज चढला नाही. "मरेपर्यंत बसले, आजोबा. तुमची वाट बघत."

हेळवी खाली बसले. उन्हात, सिमेंटवर. आई त्यांना उठवायला गेली तर तिचा हात त्यांनी डोक्याला लावला. बाबा आत गेले, शर्ट बदलून आले आणि म्हणाले, "चला. गावाला जाऊ."

वहीत नाव चढवायचं तर घराण्यातल्या कर्त्या माणसापुढं, त्याच्या दारात, पिढी म्हणूनच चढवावं लागतं. आपल्या मनानं घरी बसून लिहिलं तर ती वही खोटी. हेळव्यांचा हा नियम होता, आणि वहीशी खोटेपणा करायचा तो त्यांनी एकदा केला होता. मीही बरोबर गेले. माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचा मुलगा, बाबांचा सख्खा चुलतभाऊ, त्याला सगळे अण्णा म्हणत. द्राक्षबाग, दोन मजली घर, दारात ट्रॅक्टर. खुर्च्या टाकल्या, चहा आला. अण्णांनी बाबांकडं नीट बघून घेतलं. दोघांचं कपाळ एक होतं, हे मलासुद्धा दिसलं.

हेळवी उभे राहिले आणि पिढी म्हणू लागले. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. खणखणीत, एका लयीत, पन्नास वर्षं मागं गेल्यासारखा. आजोबांच्या वडलांपर्यंत आले. थोरल्याचं नाव घेतलं. "धाकला सखाराम, त्येची अस्तुरी..."

"थांब हेळव्या," अण्णा म्हणाले.

बाबांना वाटलं जमिनीचं असेल. ते लगेच म्हणाले, "अण्णा, मला जमीन नको. म्हणाल तिथं लिहून देतो. नाव तेवढं राहू दे बापाचं."

अण्णा मान खाली घालून म्हणाले, "जिमनीचं न्हाई वो. जिमिनीसाठी म्या तुमाला न्हाई म्हनलं आसतं तर माजं मला येवडं वाईट वाटलं नसतं. पोरीची सोयरीक चाललीया. पावणं लय चौकशा करत्यात. ह्या घरात ह्यो रोग हुता असं निगालं की संपलं. ल्वाक शिकल्याती, पर ह्यात कुनी शिकत न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "आमच्या बापानं वाईट क्येलं. मला ठावं हाय. मी काय करू, सांगा."

तेवढ्यात ती मुलगी पाण्याचे ग्लास न्यायला बाहेर आली. माझ्याच वयाची. तिला आतलं काही ठाऊक नव्हतं. माझ्याकडं बघून हसली, "तू कॉलेजला हायस का?" म्हणाली. बाबा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हेळव्यांच्या दंडाला धरलं.

"राहू द्या आजोबा."

"मालक?"

"राहू द्या. पोरीचं होऊ दे."

परतीच्या एस.टी.त हेळवी खिडकीशी बसले होते. सांगली येईपर्यंत एकच वाक्य बोलले, "म्हंजे दोनदा मारला मी."

त्यानंतर त्यांनी वंशावळींतल्या चुका काढणं सोडलं. कुणी मुद्दाम विषय काढला तरी बोलत नसत. आमच्याकडं यायचे, पण नवा करार उघडत नसत. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मुलगा विट्याच्या एका माणसाच्या सोनं गाळायच्या दुकानात, लांब तिकडं तामिळ मुलखात कामाला. बापाचे दिवस घालायला आला तेव्हा तो भेटला. वही त्याच्याकडंच आहे, पत्र्याच्या पेटीत. म्हणाला, "मला त्यातलं अक्षर लागत न्हाई ताई. पर टाकवत बी न्हाई." वंशावळी म्हणायला त्या गावांत आता कुणी जात नाही.

पण ते जायच्या आधी, उन्हाळ्यात, त्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका द्यायला अण्णा स्वतः आमच्या घरी आले होते. चहा घेतला, आजोबांच्या फोटोकडं बघून हात जोडले. निघताना बाबांना हळूच म्हणाले, "या जेवाय. वळखपाळख मातर नगं." आई म्हणाली, अशा आमंत्रणाला कशाला जायचं. बाबा म्हणाले, "माझी पुतणी आहे."

आम्ही गेलो. पलूसच्या रस्त्यावरच्या कार्यालयात लग्न होतं, माणसं भरपूर. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसून अक्षता टाकल्या. मुलगी फार सुंदर दिसत होती. जेवणाच्या पंगतीकडं जाताना बाबांना बाहेर हेळवी दिसले, गाड्या लावल्या होत्या तिथं लिंबाखाली. आम्ही अण्णांच्या दारात गेलो त्या दिवसानंतर त्यांच्या भाऊबंदांनी हेळव्यांना दार बंद केलं होतं, तरी ते आले होते. बाबांनी दोन ताटं वाढून घेतली, बाहेर गेले आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. मग मी आणि आईही गेलो.

चार घास झाले असतील. गावातला एक पागोटेवाला म्हातारा काठी टेकत तिकडून चालला होता, तो थबकला. बाबांच्या चेहऱ्याकडं बघत राहिला, काहीतरी आठवत असल्यासारखा.

"हेळव्या," तो म्हणाला, "हे पावणं कुणातलं रं? तोंडवळा वळखीचा वाटतोय."

हा प्रश्न हेळव्यांना जन्मभर कुणी विचारला आणि त्यांनी उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. त्यांचा हात ताटातच राहिला. त्यांनी बाबांकडं बघितलं. बाबांनी मान किंचित हलवली, नाही म्हणून. कार्यालयातून बँडचा आवाज येत होता.

"माज्यातलं हाईत," हेळवी म्हणाले. "माज्या भावाचं प्वार."

म्हाताऱ्यानं "आसं व्हय" म्हटलं आणि काठी टेकत पुढं गेला. बाबा खाली बघून जेवत राहिले. वाढपी आला, तेव्हा त्यांनी ताट पुढं केलं आणि आणखी भात मागून घेतला.